नखाएवढ्या जिवांसाठी पाण्यात कोणता कॅमेरा न्यावा?

निपाणीच्या एका फोटोग्राफरांनी विचारलंय: "पंधरा वर्षं लग्नाचे फोटो काढतोय. गेल्या डिसेंबरात तारकर्लीला डाइव्हिंगचा कोर्स केला. मला मोठे मासे नकोत, नखाएवढे जीव टिपायचेत. बजेट ९० हजार. टीजी-७ घेऊ की जुना आरएक्स१०० मार्क ५? टीजी मुळात वॉटरप्रूफ आहे, मग हौसिंगचे पैसे वाचवू का? माझ्याकडे एक अ‍ॅक्शन कॅमेरा आणि क्लोज-अप फिल्टरचा संच आहे, त्यावर भागेल का?"

टीजी म्हणजे ऑलिंपसचे (आता ओएम सिस्टिमचे) छोटे वॉटरप्रूफ कॅमेरे, आरएक्स१०० मार्क ५ हा सोनीचा छोटा कॅमेरा, आणि हौसिंग म्हणजे कॅमेऱ्यावर बसणारा पाणी न शिरणारा डबा. आधी उत्तर देतो, मग कारणं. नीट राखलेला जुना टीजी-६ घ्या, त्याचं स्वतःचं हौसिंग घ्या आणि उरलेल्या पैशांत एक स्ट्रोब, म्हणजे पाण्यात चालणारा फ्लॅश, घ्या. पैसे बाजूला काढताना मात्र क्रम उलटा ठेवा: आधी प्रकाशाचे, मग हौसिंगचे, शेवटी कॅमेऱ्याचे. आरएक्स१०० हा कॅमेरा म्हणून नक्कीच सरस आहे, पण तुमच्या बजेटात तो अर्धवट सामानानिशी पाण्यात उतरेल. अ‍ॅक्शन कॅमेरा बोटीवरच्या व्हिडिओसाठी ठेवा. फिल्टर घरीच राहू द्या, ते का हे खाली येईलच.

मी बेळगावचा, शहापूर भागातला. चौदा हंगाम मालवण, गोव्याचं ग्रँड आयलंड आणि मुरुडेश्वरसमोरचं नेत्राणी इथं लहान जिवांचेच फोटो काढतोय. आपल्या भागातल्या माणसासाठी या प्रश्नाचं उत्तर समुद्रकाठच्या माणसापेक्षा वेगळं येतं, आणि त्याचं कारण कॅलेंडरात आहे.

पश्चिम किनाऱ्यावर डाइव्हिंग चालतं ते ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात दर्या खवळलेला असतो आणि सगळं बंद. आणि तुमची लग्नसराई कधी? तुळशीचं लग्न लागलं की सुरू, ते थेट पावसापर्यंत. म्हणजे नेमका तोच काळ. त्यातून तुम्हाला वर्षात मिळून पाच-सहा दिवस मिळतील. दिवसाला दोन डाइव्ह धरल्या तर बारा डाइव्ह, आणि एक डाइव्ह ४५ मिनिटांची धरली तर वर्षाला नऊ तास. त्यातला निम्मा वेळ उतरण्यात, शोधण्यात आणि गाइडच्या मागे जाण्यात जातो. हाताशी राहतात चार-साडेचार तास. तेवढ्या वेळात ज्या कॅमेऱ्याची बटणं तुमच्या बोटांना न बघता सापडतील आणि ज्याचं सगळं सामान पहिल्या दिवसापासून पूर्ण असेल, तोच तुमचा कॅमेरा. सेन्सर, मेगापिक्सेल ही चर्चा त्यानंतरची.

जमिनीवरची सवय पाण्यात कुठं अडते ते सांगतो. हॉलमध्ये तुम्ही लांब लेन्स लावून मागे सरकता, नवरीच्या डोळ्यांतलं पाणी टिपता आणि तिला कळतही नाही. पाण्यात मागे सरकणं म्हणजे फोटो घालवणं. पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषून घेतं. पाच-सात मीटर खाली गेलात की लाल रंग मातकट तपकिरी दिसायला लागतो, आणि आणखी खाली सगळंच हिरवट-निळं. शिवाय आपल्या किनाऱ्याचं पाणी अंदमानसारखं काचेसारखं नसतं. मालवणला काही दिवस चार हातांपलीकडचं दिसत नाही. पाण्यातला गाळ आणि तरंगणारे सूक्ष्म जीव प्रकाश परतवतात आणि फोटोवर पांढरे ठिपके पडतात. तुमच्या आणि त्या जिवाच्या मधे जितकं पाणी कमी, तितका फोटो स्वच्छ. म्हणूनच आपल्या किनाऱ्यावर मॅक्रो, म्हणजे लहान जिवांचे अगदी जवळून काढलेले फोटो, हाच सगळ्यांत शहाणपणाचा प्रकार आहे, असं माझं ठाम मत आहे. व्हिजिबिलिटी तीन मीटर असली म्हणून पाच सेंटीमीटरवरच्या गोगलगायीला काय फरक पडतो?

अ‍ॅक्शन कॅमेरा इथंच बाद होतो. त्याचा फोकस कायमचा ठरलेला असतो, आणि साधारण फुटाच्या आत गेलात की चित्र मऊ पडतं. त्याच्यावर लावायच्या मॅक्रो लेन्स मिळतात, पण लेन्स लावली की एकाच ठराविक अंतरावर फोकस राहतो आणि तो जमलाय की नाही हे छोट्या पडद्यावर कळत नाही. आता तुमचे क्लोज-अप फिल्टर. भिंग प्रकाश वाकवतं ते काच आणि तिच्याभोवतीचं माध्यम यांच्यातल्या फरकामुळे. हवेचा अपवर्तनांक १, काचेचा साधारण १.५, पाण्याचा १.३३. हवेतला मोठा फरक पाण्यात फारच कमी होतो, आणि त्या फिल्टरची ताकद साधारण एक तृतीयांश उरते. +१० चं फिल्टर पाण्यात +३ च्या आसपास काम करतं. हौसिंगवर बाहेरून लावायच्या, पाण्यासाठी बनवलेल्या वेट लेन्समध्ये भिंगांच्या मधे हवा बंद केलेली असते, म्हणून त्या महाग असतात आणि म्हणूनच त्या चालतात.

आता टीजी. टीजी-६ हा २०१९ चा, तेव्हा त्यावर ऑलिंपसचं नाव होतं. टीजी-७ हा २०२३ चा, ओएम सिस्टिमच्या नावाने आला. दोघांचं भिंग तेच, १२ मेगापिक्सेलचा सेन्सर तोच, बॅटरी तीच, आणि पीटी-०५९ हे हौसिंगही दोघांना चालतं. टीजी-७ ला यूएसबी-सी चार्जिंग आलंय आणि पकड थोडी सुधारली आहे. एवढ्यासाठी नव्याचे पैसे देऊ नका. जुन्या टीजी-६ मध्ये वाचलेली रक्कम स्ट्रोबला लावा.

या कॅमेऱ्याची खरी कमाल म्हणजे त्याचा मायक्रोस्कोप मोड. भिंगापासून १ सेंटीमीटर ते ३० सेंटीमीटर एवढ्या पट्ट्यात तो फोकस करतो, आणि झूम पूर्ण पुढे नेला तरीही करतो. दुसऱ्या कुठल्याही कॉम्पॅक्टला हे वेट लेन्स लावल्याशिवाय जमलेलं मी पाहिलेलं नाही. नवशिके इथं एक चूक हमखास करतात: १ सेंटीमीटर जमतं म्हणून ते एक सेंटीमीटरवर जातात. मग हौसिंगची काच जिवाच्या अंगावर येते, स्ट्रोबचा प्रकाश आत पोचत नाही आणि गोबी मासा बिळात जातो. त्याऐवजी झूम पूर्ण पुढे न्या आणि सहा-सात सेंटीमीटरवर थांबा. चौकट तेवढीच भरते आणि प्रकाशाला वाट मिळते. पाण्यात सपाट काचेतून बघताना वस्तू तशीही एक तृतीयांशाने मोठी दिसते, म्हणजे पाणीही तुम्हाला मदतच करतं.

उणिवाही मोकळेपणाने सांगतो, कारण तुम्ही पूर्ण मॅन्युअलवर काम करणारे आहात आणि हे तुम्हाला खुपणार. टीजीला पूर्ण मॅन्युअल मोडच नाही. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी आहे, पण तिथं वाइडला एफ २, २.८ आणि ८ अशा तीनच पायऱ्या मिळतात, आणि त्यातला एफ ८ हा खरा एफ ८ नव्हे: आत एक करडा फिल्टर येतो आणि प्रकाश कमी करतो. डेप्थ, म्हणजे मागे-पुढे किती भाग धारदार दिसतो ते, त्याने वाढत नाही. सेन्सर लहान असल्यामुळे डेप्थ तशीही भरपूर मिळते, ती वेगळी गोष्ट. आयएसओ ४०० च्या वर गेलात की दाणे दिसायला लागतात. १२ मेगापिक्सेलमधून ३०० डीपीआयने १३ बाय १० इंचांचा प्रिंट निघतो. तुमच्या अल्बमच्या एका पानापुरतं ते पुष्कळ झालं, भिंतीएवढं नाही. रॉ मिळतं, आणि ते वापराच; पाण्यातला रंग जेपेगमध्ये सावरता सावरत नाही.

आरएक्स१०० कोणी घ्यावा? ज्यांच्याकडे दीडपट-दुप्पट बजेट आहे आणि ज्यांना काळी पार्श्वभूमी आपल्या हातात हवी आहे, त्यांनी. एक इंची सेन्सरचं क्षेत्रफळ टीजीच्या सेन्सरच्या चौपट, मेगापिक्सेल २०, पूर्ण मॅन्युअल. शिवाय या कॅमेऱ्यांत भिंगातच बसवलेलं लीफ शटर असतं, त्यामुळे १/१००० ला सुद्धा फ्लॅश जुळतो. १/१०००, एफ ८, आयएसओ १२५ ठेवलंत की उजेडाचं पाणी अंधारं होतं आणि फक्त स्ट्रोबने उजळलेला जीव उरतो. एफ ८ इथं फुल फ्रेमच्या एफ २२ इतकी डेप्थ देतो, हे तुम्हाला आवडेल. त्याच्या पलीकडे एफ ११ ला जाऊ नका, डिफ्रॅक्शनने धार जाते.

पण मार्क ३ ते मार्क ५ या पिढ्यांत झूम २४ ते ७० मिलिमीटरच, आणि ७० ला किमान फोकस अंतर ३० सेंटीमीटर. म्हणजे वेट लेन्स लावल्याशिवाय नखाएवढा जीव चौकटीत खसखशीएवढा दिसणार. +५ ची लेन्स लावली तर सर्वांत लांबचा फोकस २० सेंटीमीटरवर येतो, +१० ची लावली तर १० सेंटीमीटरवर. त्याच्या अलीकडचा थोडासा पट्टाच तुमच्या हातात राहतो. जीव त्या पट्ट्याबाहेर गेला की कॅमेरा फोकस शोधत घरघरत बसतो. हे जमतं, मलाही जमलं, पण दोन हंगाम गेले. आणखी एक अडचण अशी की आरएक्स१०० च्या आतल्या फ्लॅशची ताकद हाताने कमी करता येत नाही. बाहेरचा स्ट्रोब आतल्या फ्लॅशच्या इशाऱ्यावर उडतो, आणि त्यासाठी हा फ्लॅश दर वेळी जोर लावतो आणि पुन्हा भरायला वेळ घेतो. तेवढ्यात कोळंबी वळलेली असते. त्या मानाने कॅननच्या जी७ एक्स मार्क २ मध्ये फ्लॅशची पातळी हाताने ठरवता येते आणि झूम १०० पर्यंत जातो, म्हणून वेट लेन्ससकट मॅक्रोला मी तो आरएक्स१०० मार्क ५ च्या वर ठेवतो. २०१६ चा कॅमेरा आहे, जुना मिळतो. अडचण एकच: त्याचं हौसिंग जुन्या बाजारात चांगल्या अवस्थेत मिळालं तरच कॅमेऱ्याला हात घाला. हा नियम सगळ्यांनाच लागू आहे. हौसिंग एकाच मॉडेलच्या मापाचं असतं. बटण दोन मिलिमीटर सरकलं तरी ते बसत नाही. आधी हौसिंग हातात, मग कॅमेऱ्याचा सौदा.

आता प्रकाश. यावर थोडं जास्त लिहितो, कारण इथंच फोटो बनतो.

पाच-सहा वर्षांपूर्वी नेत्राणीला, मुरुडेश्वरहून बोटीने सुमारे १९ किलोमीटर आत, आम्ही बारा मीटरवर एका खडकाशी होतो. गाइडने बोट दाखवलं. मला खडकावर शेवाळाचा करडा ठिपका दिसला, लांबी अर्धा इंच. टॉर्च टाकला तेव्हा कळलं: न्यूडिब्रँक, म्हणजे कवच नसलेली समुद्री गोगलगाय. जांभळी कड, पिवळी शिंगं, पाठीवर कल्ल्यांचा तुरा. टॉर्च बाजूला केला की पुन्हा करडा ठिपका. तिथं माझ्यासोबत एक जण होते, त्यांच्याकडे माझ्यापेक्षा पुष्कळ महाग कॅमेरा, पण स्ट्रोब नव्हता. संध्याकाळी आम्ही दोघांचे फोटो शेजारी ठेवून पाहिले. त्यांच्या फोटोत तपशील होता, रंग नव्हता, आणि कितीही ओढला तरी तो येईना, कारण तो कॅमेऱ्यापर्यंत पोचलेलाच नव्हता. जो लाल-पिवळा प्रकाश खाली उतरतच नाही, तो आपल्यालाच सोबत न्यावा लागतो.

आता स्ट्रोब की व्हिडिओ लाइट? सतत जळणारा दिवा सोपा वाटतो, जे दिसतं तेच मिळतं. पण स्ट्रोबचा झटका सेकंदाच्या हजाराव्या भागापुरता टिकतो आणि त्यात लाटेचा हेलकावा गोठतो. दिव्यावर तोच फोटो घ्यायला शटर खाली आणावं लागतं, आणि लाटेने तुम्ही आणि जीव दोघंही हलत असता. शिवाय प्रखर दिवा तोंडावर धरला की खेकडे-कोळंब्या कपारीत सरकतात. मी ५०० ते १००० ल्युमेनचा छोटा टॉर्च फक्त फोकस जमावा म्हणून ठेवतो, शक्यतो लाल उजेडाची सोय असलेला. बऱ्याच कवचवाल्या जिवांना लाल उजेडाचा त्रास कमी होतो. फोटो काढायला मात्र स्ट्रोबच.

तुमच्यासाठी एए सेलवर चालणारा, फायबर केबलने उडणारा एकच छोटा स्ट्रोब पुरे. इनॉन, सी अँड सी यांचे जुने स्ट्रोब मिळतात. सेलच्या खणाचं झाकण उघडून आत हिरवट क्षार आहेत का ते आधी बघा. असतील तर कितीही स्वस्त मिळाला तरी नको. टीजीच्या फ्लॅशला हाताने कमी ताकदीवर ठेवता येतं, त्यामुळे बॅटरी टिकते आणि शॉट भराभर घेता येतात. स्ट्रोब लांब हातावर लावू नका. लग्नातला सॉफ्टबॉक्स बाजूला ४५ अंशांवर असतो, इथं जीव सहा सेंटीमीटरवर आहे. स्ट्रोब हौसिंगच्या कपाळावर, काचेच्या अगदी वर, किंचित पुढे झुकलेला. प्रकाश कडक वाटला तर समोर पांढरं प्लास्टिक लावा. दह्याच्या डब्याचं पांढरं झाकण मधोमध कापून मी दोन हंगाम वापरलं, विकतच्या डिफ्यूजरपेक्षा काही कमी पडलं नाही.

वॉटरप्रूफ आहे तर हौसिंग कशाला, हा तुमचा प्रश्न. टीजी उघडा १५ मीटरपर्यंत चालतो असं कंपनी सांगते. तुमच्या कोर्सने तुम्हाला १८ मीटरची परवानगी दिली असेल, म्हणजे पहिलाच हिशेब चुकला. त्यात कॅमेऱ्याच्या बॅटरीचं झाकण तुम्ही रोज उघडता, त्याच्या बारीक रबरावर वाळूचा एक कण पुरतो. पीटी-०५९ ४५ मीटरपर्यंतचं आहे, आणि त्यात पाणी शिरलंच तर आतला कॅमेरा स्वतः वॉटरप्रूफ असल्यामुळे वाचतो. दुहेरी कवच हे टीजीचं असं बळ आहे जे आरएक्स१०० ला कधीच मिळणार नाही. हे मी पोळल्यावर बोलतोय. माझा आधीचा कॅमेरा मालवणच्या बोटीवर गेला. घाईत झाकण लावताना ओ-रिंगवर, म्हणजे झाकणाच्या रबरी कडीवर, एक केस राहिला होता. चार मीटरवर कोपऱ्यात बुडबुडा दिसला, आठव्या मीटरला भिंगापर्यंत पाणी. त्या दिवसापासून हौसिंग आदल्या रात्री खोलीत, उजेडात, पंखा बंद करून लावतो. बोटीवर उघडत नाही, बॅटरी संपली तरी नाही.

ओ-रिंगला ग्रीस लावायचं ते रबर चमकेल एवढंच. कणिक मळताना तेलाचं बोट लावतो तसं. जास्त ग्रीस पाणी अडवत नाही, उलट धूळ धरतं. जुनं हौसिंग विकत घेतलंत तर ओ-रिंग नवी टाका आणि पहिल्या डाइव्हला कॅमेऱ्याशिवाय, आत टिश्यू पेपर ठेवून न्या. वर आल्यावर टिश्यू कोरडा असेल तर भरवसा ठेवा.

अभ्यास समुद्रात करू नका, तुमच्या नऊ तासांची ती नासाडी आहे. आपल्या भागात विहिरी आहेत की! आम्ही सगळे कमरेला सुका भोपळा बांधून विहिरीतच पोहायला शिकलो. पायऱ्यांची, नितळ पाण्याची विहीर शोधा, मालकाला विचारा, सोबत पोहणारा माणूस ठेवा, आणि शेवटच्या कोरड्या पायरीवर बसून फक्त हात पाण्यात घाला. पाण्यातल्या पायरीवर तांदळाचे चार दाणे ठेवा आणि टोकदार बाजूवर फोकस येतो का ते बघा. तांदूळ जमला की राईचा दाणा. मग जिवंत: चतुर आणि टाचणीच्या अळ्या, पाणगोगलगाई, बेडकाची पिल्लं. चतुराची अळी न्यूडिब्रँकपेक्षा अवघड असते, कारण ती झटक्यात उडी घेते. तिचा डोळा धारदार मिळाला तर नेत्राणीला तुम्हाला काही अडायचं नाही. खानापूरकडे कणकुंबीच्या बाजूला पावसानंतरचे ओढे स्वच्छ असतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी काचेसारखं. मात्र भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याची परवानगी काढल्याशिवाय उतरू नका.

घरच्या घरी आणखी एक करा. बादलीत पाणी घेऊन हौसिंग आत धरा, डोळे मिटा, आणि झूम, फोकस लॉक, फ्लॅश, प्लेबॅक ही चार बटणं अंगठ्याने शोधा. रोज दहा मिनिटं, पंधरा दिवस.

फोकसचं म्हणाल तर पाण्यात तो कॅमेऱ्यावर सोपवून चालत नाही. शटर अर्धा दाबून फोकस धरा आणि मग स्वतः श्वासासोबत दोन-चार मिलिमीटर पुढे-मागे व्हा. धार आली की दाबा. न्यूडिब्रँकची धार शिंगांवर यायला हवी, माशाची डोळ्यावर. आणि वरून फोटो काढू नका. वरून काढलेली गोगलगाय म्हणजे फरशीवर पडलेली बांगडी. खाली या, तिच्या पातळीला, समोरून थोडं तिरकं.

त्यासाठी मात्र तुमची बॉयन्सी, म्हणजे पाण्यात अधांतरी स्थिर राहणं, जमायला हवी. कोर्स नुकताच झालाय, तर पुढच्या चार डाइव्ह कॅमेऱ्याशिवाय करा, असंच मी सांगेन. हातात कॅमेरा आला की माणूस पायांतले फिन्स कुठं लागतात ते विसरतो. खडकाला धरायचंच झालं तर उघड्या दगडावर एक बोट, बस. प्रवाळ, समुद्री पंखे आणि समुद्रघोडे हे सगळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. जीव काठीने ढोसून मोकळ्यावर आणणारे गाइड भेटतील. त्यांना बोटीवरच, उतरण्याआधी, नम्रपणे नाही म्हणा. खाली हातवाऱ्यांनी वाद घालता येत नाही.

गाइडला आणखी एक आधी सांगा: मला फिरायचं नाही, एका खडकावर वीस मिनिटं बसायचंय. शक्य असेल तर मॅक्रोवाले दोघं मिळून एक गाइड घ्या. सगळ्या गटाला तुमच्यासाठी थांबवणं बरं नव्हे, आणि गट पुढे गेला म्हणून एकट्याने मागे राहणं तर मुळीच नको.

आता आपल्या भागाची दोन दुखणी, जी किनाऱ्यावरच्या दुकानदाराच्या लक्षात येत नाहीत.

पहिलं पावसाचं. बेळगाव-खानापूरच्या पावसाळ्यात चार महिने भिंती ओल धरतात, आणि कपाटात ठेवलेल्या भिंगाला बुरशी लागते. तुमच्या लग्नाच्या लेन्स सतत वापरात असतात म्हणून वाचतात; पाण्यातलं सामान नेमकं याच काळात पडून असतं. झाकण घट्ट बसणारा डबा, आत सिलिका जेल, आणि दर पंधरा दिवसांनी जेल भाजून कोरडं करणं. हौसिंगची ओ-रिंग काढून वेगळ्या पिशवीत, झाकण उघडं. ओ-रिंग दाबलेल्या अवस्थेत चार महिने राहिली तर चपटी होते.

दुसरं घाटाचं. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे आणि इथला हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा साधारण आठ टक्के कमी. हौसिंग घरी बंद करून आजरा-आंबोलीमार्गे मालवणला नेलंत तर खाली बाहेरचा दाब जास्त होतो आणि झाकण उघडता उघडत नाही. उलट किनाऱ्यावर बंद केलेलं हौसिंग तसंच घाट चढवलंत तर आतली हवा काच आणि झाकण बाहेर ढकलते. म्हणून प्रवासात हौसिंग उघडं, ओ-रिंग बाहेर. खोलीत सामान लावताना आत सिलिका जेलची पुडी टाका, नाहीतर किनाऱ्याची दमट हवा थंड पाण्यात काचेवर धुकं धरते.

आणि हाच दाब तुमच्या शरीरालाही लागू आहे. डाइव्हनंतर अंगात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडत असतो. तो पडायच्या आत उंचावर गेलात तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. डाइव्हर विमानात बसण्याआधी एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर किमान १८ तास थांबतात. आंबोली, चोर्ला, अनमोड, कुठलाही घाट चढून घरी येताना मी तोच हिशेब धरतो. दुपारी डाइव्ह संपवून रात्री निपाणीत जेवायला पोचायचं, असा बेत आखू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी लग्न असेल तर आदल्या दिवशी पाण्यात उतरूच नका. रात्र किनाऱ्यावरच काढा, सामान गोड्या पाण्याच्या टबात तासभर भिजत ठेवा, बटणं पाण्यातच दाबून मीठ सोडवा, फोटो निवडा, आणि दुसऱ्या दिवशी जेवून घाट धरा.

टीजी-६ बघायला जाल तेव्हा भिंगासमोरच्या काचेवर ओरखडे, बॅटरीच्या झाकणाचं रबर आणि मायक्रोस्कोप मोडमध्ये पूर्ण झूमवर फोकस, या तीन गोष्टी तिथल्या तिथं तपासा. नोटेवरचं बारीक अक्षर समोर धरलंत तरी कळतं.